उंबरमाचीची वाट

रावजी मांडवकराने जीप आणली तेव्हा ती कशासाठी, हे कोंडतळीत कुणालाच कळेना. पाचलच्या बाजाराला माणसं न्यायची तर रिक्षा बरी, काजू-फणस वाहायचे तर टेम्पो बरा. ही जीप जुनी, कापडी टपाची, अलोऱ्याला धरणाच्या कामावर राबून राबून निकालात निघालेली. पाचलच्या मिस्त्रीने सगळा पावसाळा तिच्यावर खर्ची घातला, तेव्हा कुठे ती धड उभी राहिली.

"धंदा करणार काय दादा?" देवळापाशी एकाने विचारलं.

"धंदा नाही. फिरायला आणली," रावजी म्हणाला.

कोंडतळीतला माणूस बाजाराला जातो, शेतावर जातो, लग्नाला जातो, मयताला जातो. फिरायला कुणी जात नाही. आणि गेलाच तर गणपतीपुळ्याला जाईल, देवदर्शन करून परत येईल. रानात नि सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, उगीचच गाडी घालायची म्हणजे डोक्यावर परिणाम झाला असणार, असंही एकदोघं बोलले. रावजीचा मुलगा संदेश मुंबईकडे, दिव्याला राहायचा. तो फोनवर म्हणाला, "बाबा, ह्या वयात हे काय काढलंत?" त्यालाही रावजीने नीट उत्तर दिलं नाही. उत्तर लांबलचक होतं आणि फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

मिसरूड फुटायच्या आधी रावजी एसटीत बसून मुंबईला गेला. डोंगरीला गाववाल्यांची खोली होती, तिथे भिंतीकडेला वळकटी. आधी गॅरेजात हाताखाली काम, मग लायसन, मग एका साहेबांची गाडी. ते साहेब हौशी होते. आठवडाभर ऑफिस, आणि रविवार उजाडला की मित्रांना घेऊन जीपगाड्यांतून कर्जत-मुरबाडच्या डोंगरात घुसायचं. सरळ रस्ता असेल तिकडे जायचंच नाही, असा त्यांचा नेम होता. जेवणाची, दोरखंडांची गाडी रावजीकडे असायची. चिखलात रुतलेलं चाक कसं काढावं, नदीच्या पाण्यात गाडी कुठून घालावी, उतारावर ब्रेकला पाय न लावता गाडी गिअरवर कशी सोडावी, हे सगळं तो तिथे शिकला. माथ्यावर पोचलं की साहेब मंडळी खुर्च्या टाकून समोरच्या डोंगराकडे बघत बसत. घटका घटका बघत. रावजी बोनेटला टेकून बाजूला उभा राही आणि त्याच्या मनात येई, असा डोंगर तर आपल्या परसातून दिसतो. त्याच्यावर काय आहे ते मात्र आपल्याला माहीत नाही.

गावाला तो वर्षातून दोनदा यायचा, गणपतीला आणि शिमग्याला. ते दिवस आरत्यांत, पालखीत, घरदुरुस्तीत, पाहुण्यांत जायचे. कौलं चाळून होईपर्यंत परतीच्या गाडीचा दिवस उजाडायचा. एसटीच्या खिडकीतून तो डोंगर बघायचा आणि मनाशी म्हणायचा, पुढच्या वेळी. असं म्हणता म्हणता डोक्याचे केस पिकले. साहेबही थकले, रविवारचे डोंगर बंद झाले आणि रावजी गावी परतला.

तर जीप ही अशी आली होती. पण नवऱ्याच्या शेजारी तिच्यात बसायला काशी तयार नव्हती.

काशी त्याची बायको. लग्न होऊन ती कोंडतळीत आली आणि इथेच राहिली. सासू-सासऱ्यांचं केलं, मुलं वाढवली, भात लावलं, भात कापलं. आता तिचे गुडघे गेले होते. उठताना जमिनीला हात टेकून, "आई गो" म्हणत ती उठायची.

"चल वायच सड्यावर जाऊन येऊ," रावजी म्हणाला.

"कशाला? तिकडं आपलं काय हाय?"

"बघायला."

"सडा काय बघायचा? तुम्ही जावा. माझं भात वाळत घालायचं हाय."

रावजी एकटाच गेला. पाऊस नुकता सरला होता. गावामागच्या चढणीला जीप घुरघुरत वर चढली आणि कातळाच्या सपाटीवर आली. काळा कातळ लांबच्या लांब पसरलेला, त्याच्या खळग्यांतून पाणी साचलेलं आणि पाण्याच्या कडेने पांढऱ्या गेंदांची फुलं, जणू कुणी लाह्या उधळल्यात. पूर्वेला सह्याद्रीची भिंत इतकी जवळ वाटत होती की तिच्यावरच्या घळी मोजाव्यात. एका टोकाला कातळात चांगलं मोठं तळं लागलं. रावजी गाडी थांबवून तिथे बसून राहिला. साहेब बसायचे तसा.

घरी आल्यावर जेवताना तो न थांबता बोलत होता. "अगो, ते तळं काय सांगू तुला. वरच्या अंगाला एकच वाकडं झाड आहे. मुंबईचे लोक कुठून कुठून असलं बघायला जातात आणि इथे आपल्या उशाशी."

काशीने त्याच्या ताटात भात वाढला. "कुंभ्याचं झाड," ती म्हणाली. "संदेशच्या वेळी मला तिथंच कळा सुरू झाल्या."

रावजीने विचारलं, "कुठे?"

"त्या झाडाखाली. गवताचा भारा होता डोईवर. संगं शेजारची भिकाजीची गंगा होती. तिनं भारा उतरवला, मला धरून खाली आणली. सांजेला संदेश झाला."

संदेशच्या जन्माची तार रावजीला डोंगरीच्या खोलीवर मिळाली होती. त्याने पेढे वाटले होते. कुठलं झाड, कसला भारा, कुणी धरून आणलं, यातलं काही त्याला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याने ते विचारलंही नव्हतं.

त्या दिवसापासून त्याच्या फिरण्याला वेगळाच नाद लागला. तो नवीन वाट शोधायचा, घरी येऊन सांगायचा, आणि काशी त्या वाटेचं नाव सांगायची. कधी नुसतं नाव, कधी एखादी गोष्ट. कुठे तिला साप आडवा गेलेला, कुठे सासऱ्यांना डोलीतून नेताना डोली खाली ठेवून माणसं तंबाखू खायला थांबलेली. एका पऱ्याला उतार सापडला म्हणून रावजी फार खूश झाला होता. ओढ्याला तिथे पऱ्या म्हणतात, आणि हा पऱ्या उतरणं म्हणजे जीपवाल्याची परीक्षाच होती. काशी म्हणाली, "पोरीला ताप आला होता तवा रात्रीची पाठीवर घेऊन तो पऱ्या मी ओलांडला. पाणी कमरेला होतं."

"मला कळवलं नाहीस कधी," रावजी म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

"कळवून काय केलं असतंत?" काशी शांतपणे म्हणाली. "आणि कळवायचं कसं? पत्र मास्तर लिहायचे. मास्तरांच्या समोर बसून असलं काय काय सांगायचं? मी म्हणायची, लिवा, इकडे सर्व खुशाल."

त्या रात्री रावजीला झोप लागली नाही. काशीवर त्याचा राग नव्हताच. आपल्या घराभोवती एक अख्खं आयुष्य होऊन गेलं आणि आपण त्यात नव्हतो, एवढंच त्याला पुन्हा पुन्हा वाटत राहिलं. साहेबांच्या रविवारातले डोंगर त्याला एकेक वळणासकट पाठ होते.

सकाळी तो काशीजवळ चुलीपाशी येऊन बसला. "मी हिंडतो नि तू घरात. तुला कुठे जायचंय ते सांग. तू सांगशील तिथे गाडी नेतो."

काशी चुलीत काटक्या सारत राहिली. मग म्हणाली, "उंबरमाचीला न्याल?"

उंबरमाची म्हणजे तिचं माहेर. सह्याद्रीच्या कड्याखाली, डोंगराला मध्येच कट्टा असावा तशी सपाटी आणि तिच्यावर मोजकी घरं. आता तिथे कुणी राहत नव्हतं. रस्ता नाही, वीज पोचली नाही, मास्तर टिकला नाही. एकेक घर खाली उतरलं आणि खालून मुंबईला गेलं. काशीचे भाऊ नालासोपाऱ्याला होते. वडिलांच्या बाराव्याला ती वर गेली होती, त्यानंतर नाही. माहेराला माणूस नसलं तर जायचं कुणाकडे? आणि पुढे गुडघ्यांनीच नाही म्हटलं.

रावजी तिथे उभ्या आयुष्यात दोनदा गेला होता. एकदा लग्नाला आणि एकदा तिला आणायला. दोन्ही वेळा परतीच्या गाडीची घाई होती. चढाचा घाम आणि लोटीतून मिळालेलं गार पाणी, एवढंच त्याच्या लक्षात राहिलं होतं.

"नेतो," तो म्हणाला.

दिवाळी झाली, भात घरात आलं आणि ते दोघं निघाले. काशीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, भाकऱ्या नि सुक्या जवळ्याची चटणी फडक्यात बांधून घेतली होती. शेजारपाजारचे बघत होते म्हणून गावाबाहेर पडेपर्यंत ती मान खाली घालून बसली. मग हळूहळू तिने पदर सैल केला आणि वाट दाखवायला लागली.

पूर्वी ठेकेदाराने लाकूड उतरवायला काढलेला कच्चा रस्ता माचीच्या अंगाला जात होता. त्याच्यावर आता कारवी माजली होती. रावजीने फोर-व्हीलचा दांडा टाकला. तांबड्या मातीत पाण्याने खोल चर पाडले होते. त्यात एक चाक, काठावर दुसरं, अशी तिरपी होत जीप चढू लागली. काशीने समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

"भीती वाटते तर उतर. मी पुढे जाऊन थांबतो," रावजी म्हणाला.

"उतरून चढू कशी? चला तुम्ही."

दोन पऱ्ये ओलांडले. एका ठिकाणी वाटेत धोंडा होता, तो पहारीने ढकलून बाजूला केला. काशी आता पुढचं सांगत होती. आता करवंदीची जाळी येईल, मग देवाचा धोंडा, मग वळण, आणि वळणावरून घरं दिसतील. करवंदीची जाळी आली. शेंदूर उडालेला देवाचा धोंडा आला, काशीने बसल्या जागेवरून हात जोडले. आणि वळण आलंच नाही. कुठल्या तरी पावसाळ्यात डोंगर सुटून दरड आली होती आणि वळणासकट रस्ता खाली रानात गेला होता.

रावजी खाली उतरला. उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यावरून गाडी जाईल का, ते त्याने पायाने माती दाबून पाहिलं. परत येऊन बसला, गिअर टाकला आणि अगदी हळू पुढे सरकला. डाव्या चाकाखालची माती घसरली. गाडी कलंडली तशी काशीने त्याच्या बाहीला धरलं. रावजीने बोटबोट करत गाडी मागे घेतली. वळवायला जागा नव्हती. देवाच्या धोंड्यापर्यंत त्याला उलटीच न्यावी लागली.

तिथे इंजिन बंद करून तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. साहेबांच्या मित्रांनी त्याची पाठ कितीदा थोपटली होती, रावजी कुठूनही गाडी काढतो म्हणून.

"राहू दे," काशी म्हणाली. "भाकरी खाऊ आणि जाऊ." तिने फडकं सोडलं. पण तिने स्वतः अर्धीच भाकरी खाल्ली आणि वळण होतं त्या बाजूला बघत राहिली.

घरी आल्यावर तिने पुन्हा विषय काढला नाही. रावजीने मात्र सोडला नाही. खालून वाट नाही तर वरून असेल, हे त्याच्या मनाने घेतलं. अणुस्कुऱ्याचा घाट चढून वर गेलं की कड्याच्या माथ्यावरून आडव्या वाटा जातात, धनगरांच्या, गुरांच्या. तो एकटा दोनदा जाऊन चौकशी करून आला. माथ्यावर एक धनगरवाडा होता, तिथे शिवा नावाचा म्हातारा भेटला. उंबरमाची म्हटल्यावर तो हसला. "तिथं आम्ही लोणी घेऊन उतरायचो. आता माझी म्हसरंच तेवढी उतरतात."

माघ सरता सरता रावजीने काशीला पुन्हा जीपमध्ये बसवलं. घाट चढून डांबरी सोडली. पिवळ्या गवताच्या माळावरून, मध्येच दाट राईतून, मग नुसत्या खडकावरून जीप डुलत डुलत चालली. वारा गार होता. धनगरवाड्यावर शिवा काठी घेऊन वाटच बघत होता. त्याने काशीकडे पाहिलं.

"कुणाची तू?"

तिने वडिलांचं नाव सांगितलं.

"अगं, मग तुझं लग्न झालं तवा वरातीला उजेडासाठी माझ्या बापानं पेटत्या चुडी धरल्या होत्या," शिवा म्हणाला. "तू लई रडत होतीस."

काशी पदराआड हसली. तिला ओळखणारं, तिथलं माणूस तिला फार वर्षांनी भेटलं होतं.

कड्याच्या कडेला जीप थांबली. खाली खोल हिरवं रान आणि मध्ये ती सपाटी. काशी रावजीच्या खांद्याचा आधार घेत उतरली, एका धोंड्यावर बसली आणि बघू लागली.

"ते बघा आमचं खळं. त्याच्या वरच्या अंगाला घर. आणि तो मोठा उंबर, तिथं पाणी."

रावजीने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. त्याला सगळी झाडंच दिसत होती. "हां," तो म्हणाला.

"नाय दिसलं तुम्हाला."

"नाही दिसलं," रावजीने कबूल केलं.

"कसं दिसेल? तुम्ही बघितलंयत कुठं."

ती रागाने बोलली नव्हती. पण रावजीला ते लागलं. त्याने शिवाला विचारलं, खाली जाता येईल का. वाट होती, घळीतून उतरणारी, म्हशींनी मोडलेली. काशीला ती झेपणार नव्हती. तिने एकदा घळीकडे पाहिलं, एकदा आपल्या गुडघ्यांकडे.

"तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "मी बसते हितं."

रावजी शिवाच्या मागे उतरला. मुळ्यांना धरत, कुठे बसकण मारत. खाली पोचल्यावर पहिल्यांदा काही कळेना. मग रान पायाखाली सपाट झालं, एक दगडी बांध लागला, दुसरा लागला आणि शिवा म्हणाला, "हे घर." घर नव्हतं. जोतं होतं, त्याच्यावर मातीचा ढीग आणि ढिगातून उगवलेली झाडं. पण पायऱ्या जागच्या जागी होत्या. रावजी त्या पायऱ्यांवर उभा राहिला. बाशिंग बांधून तो इथेच कधीतरी उभा राहिला होता. त्या वेळी समोर डोंगर होता का, दरी दिसत होती का, काशी कुठल्या दारातून बाहेर आली, यातलं काहीसुद्धा त्याला आठवेना. मग त्याने ठरवून बघायला सुरुवात केली. जोत्याच्या चारी बाजूंनी तो फिरला. परसात गेला. उंबरापाशी गेला, ओंजळीने पाणी प्यायला. वर मान करून पाहिलं तर कड्यावर, आभाळाच्या काठाला, लुगड्याचा एक हिरवा ठिपका दिसत होता. त्याने हात हलवला. ठिपका हलला नाही. तिला खालचं इतकं दिसत नसावं.

तो धापा टाकत वर आला तेव्हा काशी तशीच बसलेली होती. तिने त्याला पाणी दिलं, दम खाऊ दिला आणि म्हणाली, "सांगा."

रावजी सांगू लागला. घर बसलंय हे त्याने आधी सांगितलं, लपवलं नाही. काशीने मान हलवली. मग ती विचारत गेली आणि तो सांगत गेला. उंबर आहे? आहे, दोघांच्या कवेत येणार नाही एवढा झालाय. पाणी? वाहतंय, दगडी पन्हळ अजून आहे, शेवाळलीय. परसातला फणस? फणस आहे, बुंध्यालाच कोवळे लागलेत, डुकरांनी खालची माती उकरलीय. पायऱ्या? पायऱ्या जागेवर आहेत, चार. वरची एक तुटकी आहे.

"ती माझ्या लहानपणापासून तुटकी हाय," काशी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "आणि ओटीवरचं उखळ? भुईत बसवलेलं होतं, काळ्या दगडाचं. आई नि मी त्यात भात कांडायचो."

रावजी जोत्याभोवती फिरला होता, पण ढिगावर चढला नव्हता. "ते नाही बघितलं," तो म्हणाला. "मातीखाली असेल. थांब, परत जाऊन बघून येतो."

तो खरोखर उठला. काशीने त्याच्या हाताला धरून खाली बसवलं.

"आज नको. काळोख व्हायच्या आत घाट उतरायचा हाय," ती म्हणाली. "फुडल्या वेळी."

शिवाने त्यांना ताक दिलं. ते पिऊन दोघं निघाले. माळावरून परत येताना रावजी गाडी अगदी सावकाश चालवत होता. काशीने विचारलंही, की काय बिघडलंय काय. नाही, काही नाही, तो म्हणाला.

ह्या गोष्टीला आता काही वर्षं झाली. पावसाळा सरून वाट वाळली की ती जीप अजून घाट चढते. काशी कड्यावरच बसते, मागच्या खेपेला तर ती गाडीतून उतरलीही नाही. शिवा राहिला नाही. रावजी एकटाच घळ उतरतो, दर वेळी थोडा जास्त वेळ लावून. जोत्यावरची माती त्याने थोडी थोडी काढायला घेतली आहे. कोंडतळीतली माणसं विचारतात, तिथे आता आहे काय एवढं. रावजी म्हणतो, तिचं माहेर आहे. आणि जीपच्या काचेवरची तांबडी धूळ पुसत राहतो.